कर भरून पुन्हा वर्गणी

सरकारी शाळांसाठी खासगी पैसा उभारणाऱ्या फाउंडेशनचा विषय निघाला की बोलणे दात्याच्या औदार्यावरच थांबते. मला वर्षानुवर्षे खुणावतो तो हिशेबाचा दुसरा रकाना : ज्यांच्या मुलांसाठी ही देणगी, त्यांच्या खिशातून किती गेले? याचे लख्ख उत्तर अमेरिकेच्या दक्षिणेतील रोझेनवाल्ड शाळांच्या ताळेबंदात सापडते. सिअर्स रोबक कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ मध्ये, पन्नासाव्या वाढदिवशी, कृष्णवर्णीयांसाठीच्या टस्कीगी शिक्षणसंस्थेला २५ हजार डॉलर दिले. त्यातल्या शिल्लक रकमेच्या बळावर संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामात कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा शाळा उभारल्या. १९१७ मध्ये रीतसर फंड स्थापन झाला. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या.

फंडाची खरी हुशारी अटींमध्ये होती. फंड खर्चाचा काही भागच देई. उरलेला गावाने आणि सरकारी शिक्षण खात्याने उचलायचा, आणि जमीन-इमारत सरकारी शाळेच्याच नावे करायची. एकूण सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर खर्चापैकी १ कोटी ८१ लाख करातून आले. फंडाचा वाटा ४३ लाखांच्या पुढे, तर कृष्णवर्णीय गावकऱ्यांच्या वर्गणीचा ४७ लाखांच्या वर! नाव रोझेनवाल्डचे झाले. जास्त दिले ते शेतमजुरांनी. अलाबामातल्या बोलिगीच्या वर्गणीसभेचा एक अहवाल इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी उजेडात आणला. त्यात माणसे पैशांसाठी गाईवासरे गहाण टाकतात, आणि गुलामगिरी भोगलेला एक म्हातारा मळकट पिशवीतली जन्माची पुंजी, ३८ डॉलर, टेबलावर ओततो. हेच लोक करही भरत होते. तो पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे वळे, आणि मताधिकार हिरावलेला असल्याने जाब विचारायची सोय नव्हती. अँडरसन यांनी या वर्गणीला दुहेरी कर म्हटले, ते मला पूर्ण पटते.

यावर आक्षेप येतो : फंड नसता तर या शाळाच झाल्या नसत्या. बरोबर आहे. या शाळांमुळे दोन वंशांच्या शिक्षणातली दरी बरीच कमी झाली, हे अर्थतज्ज्ञांनी आकडेवारीनिशी दाखवले आहे. पण म्हणून सरकारचे देणे फिटत नाही. उलट फंडाचे मोठे यश मी हेच मानतो की, एरवी हात आखडणाऱ्या खात्याला त्याने खर्च करायला भाग पाडले.

आपल्याकडे हा मुद्दा नवा नाही. १८७३ ची ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनीच १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडले होते की, महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडते. आता सरकारी शाळा देणगीदारांना दत्तक देण्याच्या महाराष्ट्राच्या २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडण्याची मुभा ठेवली गेली. माझा विरोध देणगीला नाही. पण अशी पाटी लावण्याआधी त्या शाळेवर जिल्हा परिषदेने किंवा महापालिकेने मागच्या पाच वर्षांत काय खर्च केला, पुढच्या पाच वर्षांत काय करणार आणि पालकांनी वर्गणीपोटी किती दिले, हे तिन्ही आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे लेखी आले पाहिजेत. देणगी आल्यावर सरकारी खर्च घटत असेल, तर समितीने ती नाकारावी.