लहान मुलांसह लुंबिनी : काटकसरीच्या परदेश सहलीचे नियोजन

परदेश प्रवास म्हटला की विमान, पासपोर्ट, व्हिसा आणि लाखांचा खर्च डोळ्यांसमोर येतो. शिक्षक, कारकून, लहान शेतकरी किंवा कारागीर यांच्या कुटुंबात हा विषय निघाला तर तो हसण्यावारी नेला जातो. परंतु वर्धा जिल्ह्यातील कुटुंबाला रेल्वेने गाठता येईल, ज्यासाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही आणि जेथील दुकानांच्या पाट्या दुसरी-तिसरीतले मूल स्वतः वाचू शकेल, असा एक परदेश आहे. तो म्हणजे नेपाळ. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते. सीमेपासून थोड्याच अंतरावर तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी आहे. तीन ते दहा वर्षांच्या मुलांना घेऊन तेथे तंबूचा मुक्काम कसा करावा, त्याची तयारी कशी करावी आणि पैसा कोठे वाचवावा व कोठे वाचवू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुक्काम ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या माणसाला गाठोडे बांधणे, सतरंजीवर झोपणे, शिदोरीवर दोन दिवस काढणे हे शिकवावे लागत नाही. मात्र त्या मुक्कामाचा वेग मोठ्या माणसांचा असतो आणि मुले त्यामागे ओढली जातात. कुटुंबाच्या सहलीत हा क्रम उलटा करावा लागतो. मुलाची झोप, भूक आणि पाय यांना झेपेल तेवढाच कार्यक्रम आखावा. दहा-बारा दिवसांत सारनाथ, बोधगया, राजगीर, नालंदा, कुशीनगर, श्रावस्ती आणि लुंबिनी असे सर्व उरकणाऱ्या बससहलीत लहान मुलाच्या वाट्याला खिडकी, उलटी आणि रडणे एवढेच येते. म्हणून पहिला नियम असा की, एकच ठिकाण निवडावे आणि तेथे चार रात्री राहावे. प्रवास कमी झाला की खर्चही आपोआप कमी होतो.

केव्हा जावे?

उन्हाळ्याची सुट्टी मोठी असली तरी तराईचा उन्हाळा विदर्भाइतकाच कडक असतो. बुद्धपौर्णिमेला लुंबिनीत मोठी गर्दी होते. तो सोहळा मोठ्यांनी जरूर पाहावा, परंतु तान्ह्या मुलांना त्या उन्हात व गर्दीत नेऊ नये. पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे डासांचे असतात. २००५ साली गोरखपूर व पूर्व उत्तर प्रदेशात जपानी मेंदूज्वराच्या साथीने हजाराहून अधिक बळी घेतले आणि त्यांत बहुसंख्य मुले होती. पुढे लसीकरण सुरू झाले व परिस्थिती पुष्कळ सुधारली, तरी हा धोका विसरून चालणार नाही. डिसेंबरअखेर व जानेवारीत दाट धुके पडते, गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि तंबूतील थंडी मुलांना सोसत नाही. तेव्हा नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी हा काळ योग्य ठरतो. शाळकरी मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस पाहावेत. बालवाडीतील मुलांना फेब्रुवारीत नेता येते.

कागदपत्रे

भारत व नेपाळ यांच्यात १९५० साली झालेल्या शांतता व मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांकडे ये-जा करता येते. पासपोर्टची सक्ती नाही, परंतु ओळख पटवावी लागते. प्रौढांनी पासपोर्ट असल्यास तो, नसल्यास निवडणूक ओळखपत्र न्यावे. केवळ आधारपत्रावर प्रौढांनी अवलंबून राहू नये. पंधरा वर्षांखालील मुलांसाठी आधारपत्र व शाळेचे ओळखपत्र घ्यावे. त्यासोबत जन्मदाखल्याची प्रत अवश्य ठेवावी, कारण मूल आपलेच आहे हे त्यावरून सिद्ध होते. या सीमेवर बालकांची तस्करी रोखण्यासाठी मुलांबाबत विचारपूस होते आणि ती योग्यच आहे. त्याचा राग न मानता कागद पुढे करावा. भाचा, पुतणी किंवा शेजाऱ्याचे मूल सोबत असेल तर त्याच्या आईवडिलांचे सहीचे संमतीपत्र व दूरध्वनी क्रमांक घ्यावा. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, पालकाचा क्रमांक आणि मुक्कामाचे ठिकाण लिहिलेली चिठ्ठी असावी.

मार्ग

वर्धा व सेवाग्राम ही दोन्ही स्थानके मोठ्या लोहमार्गांवर आहेत. येथून नागपूर गाठावे. नागपूरहून गोरखपूरला आठवड्यातील काही दिवशी थेट गाडी मिळते आणि एक रात्र व जवळपास एक दिवस गाडीत जातो. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धे भाडे आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, असा नियम २०१६ पासून आहे. आईवडील, सात वर्षांची मुलगी व चार वर्षांचा मुलगा असे कुटुंब असेल तर अडीच तिकिटांत भागते खरे, परंतु तिसरा बर्थ अवश्य घ्यावा. न झोपलेले मूल दुसऱ्या दिवशी आजारी पडते आणि वाचवलेले अर्धे भाडे डॉक्टरकडे जाते.

गोरखपूरला उतरल्यावर त्याच दिवशी सीमा ओलांडण्याची घाई करू नये. एक रात्र विश्रांती घ्यावी. सकाळी बसने सोनौली गाठावे. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. सीमा पायी ओलांडता येते. पलीकडे बेलहिया, त्यापुढे भैरहवा आणि तेथून सुमारे २२ किलोमीटरवर लुंबिनी. खासगी वाहन नेपाळात न्यायचे असल्यास सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकातीचा परवाना काढावा लागतो व तो दिवसांच्या हिशेबाने असतो. लहान कुटुंबाला स्थानिक बसच स्वस्त पडते.

घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, हे बँकेच्या कामासाठी लक्षात ठेवावे. भारतीय १ रुपयाला नेपाळी १ रुपया ६० पैसे हा दर १९९३ पासून स्थिर आहे, म्हणजे नेपाळी ८०० रुपये हे आपले ५०० झाले. सोबत १०० रुपयांपर्यंतच्या नोटा पुरेशा घ्याव्यात. नेपाळने २०१८ साली त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती व याबाबतचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. आपल्या मोबाईलला तेथे आंतरराष्ट्रीय दर लागतो, हेही विसरू नये.

तंबू कोठे लावावा?

लुंबिनीचा आराखडा जपानी वास्तुशास्त्रज्ञ केन्झो टांगे यांनी तयार केला व तो १९७८ साली मंजूर झाला. मायादेवी मंदिर व अशोकस्तंभाचा पवित्र परिसर, मधल्या कालव्याच्या दोन बाजूंना देशोदेशीचे विहार आणि उत्तरेला वस्ती असे त्याचे तीन भाग आहेत. १९९७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. तेव्हा पवित्र परिसरात किंवा उत्खननाच्या जागी तंबू ठोकण्याचा विचारही करू नये. एखाद्या विहाराच्या किंवा बाजारातील साध्या लॉजच्या आवारात, आधी पत्र पाठवून किंवा दूरध्वनी करून, परवानगीने तंबू लावावा. अशा ठिकाणी शौचालय, पाणी व रात्रीचा पहारा मिळतो. परवानगी न मिळाल्यास विहाराच्या यात्री निवासात राहावे. कोरियन विहारात यात्रेकरूंच्या साध्या निवास-भोजनाची सोय आहे. तंबूचा हट्ट मुलांच्या सुरक्षिततेपेक्षा मोठा नाही.

चौघांना पुरेल असा, शिवलेल्या तळाचा व जाळीच्या दाराचा तंबू घ्यावा. खाली ताडपत्री, वर सतरंजी व गोधडी. जागा उंचवट्याची असावी, कालव्याच्या काठाला किंवा गवताच्या गंजीजवळ नसावी. चपला-बूट घालण्यापूर्वी झटकावेत. रात्री टॉर्चशिवाय मुलाला बाहेर सोडू नये. थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे कदापि ठेवू नयेत. बंद जागेतील धुराचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

अन्न व पाणी

गॅसची टाकी किंवा रॉकेलचा स्टोव्ह रेल्वेतून नेणे हा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे यात्रेकरूंच्या डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. ही घटना प्रत्येक यात्रा-आयोजकाने ध्यानात ठेवावी. प्रवासासाठी दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मुरमुऱ्यांचा चिवडा व सातूचे पीठ न्यावे. मुक्कामी परवानगी असल्यास विहाराच्या स्वयंपाकघरात खिचडी शिजवावी. नाहीतर तेथील डाळ-भात व तरकारी मुलांना मानवते. पाणी मात्र उकळलेले किंवा बंद बाटलीतलेच द्यावे. यात एक रुपयाचीही काटकसर नको.

आरोग्य

निघण्यापूर्वी महिनाभर आधी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे मुलांना दाखवून लसींबाबत विचारावे. मच्छरदाणी प्रत्येक मुलासाठी हवी. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळावे. कुत्रा किंवा माकड चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे.

मुलांचा दिवस

सकाळी एक स्थळ, दुपारी झोप, संध्याकाळी खेळ, एवढाच कार्यक्रम ठेवावा. अशोकस्तंभाजवळ मुलांना एक गोष्ट सांगता येईल. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी सम्राट येथे स्वतः आला आणि बुद्धांचे जन्मगाव म्हणून त्याने या गावाचा कर कमी केला, असे त्या दगडावर कोरले आहे. हा लेख १८९६ साली उजेडात आला. उत्तरेकडील पांढरा शांतिस्तूप पाहून वर्ध्याचे मूल ओळखीचे हसेल, कारण आपल्या गावच्या विश्वशांती स्तूपाप्रमाणेच तोही फुजी गुरुजींच्या जपानी संघाने उभारला आहे. जवळच सारस पक्ष्यांचे अभयारण्य आहे. आपल्या विदर्भात सारस आता प्रामुख्याने गोंदिया भागातच उरला आहे. मुले थकली नसतील तर एक दिवस तिलौराकोटला जावे. प्राचीन कपिलवस्तूचे अवशेष म्हणून ते ओळखले जाते. थोरल्या मुलांनी रोज पाट्यांवरचे पाच नेपाळी शब्द वहीत उतरवावेत. ‘पसल’ म्हणजे दुकान, एवढे कळले की परदेश परका वाटत नाही.

खर्चाचा हिशेब

खर्चाचे पाच भाग करावेत : रेल्वे, बस, मुक्काम, जेवण-पाणी आणि राखीव. पहिल्या चारांची बेरीज करून तिचा पाचवा हिस्सा राखीव ठेवावा आणि तो आजारपणाशिवाय मोडू नये. उदाहरणादाखल, बेरीज २०,००० रुपये आली तर राखीव ४,००० धरून २४,००० होतात. दहा महिने दरमहा २,४०० रुपये बचत गटात टाकल्यास कर्ज काढावे लागत नाही. हिशेबाची वही घरातील विद्यार्थ्याकडे द्यावी. त्याला त्रैराशिक आणि जबाबदारी दोन्ही कळतील.

सर्वांत जड खर्च तंबू व मच्छरदाण्यांचा, आणि त्या वर्षातून एकदाच लागतात. प्रत्येक कुटुंबाने त्या विकत घेण्याचे कारण नाही. आपल्या संस्थेने पाच तंबू, ताडपत्र्या व मच्छरदाण्यांचा एक संच घेऊन ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे नाममात्र शुल्कावर सभासदांना द्यावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. तीन-चार कुटुंबे मिळून गेल्यास मुलांना सोबत मिळते आणि मोठ्यांना आळीपाळीने विश्रांती. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांना नेपाळ नकाशावरही माहीत असेल. आज आपली मुले तेथे चार रात्री राहून, शेजारच्या देशातील मुलांशी खेळून परत येऊ शकतात. येत्या वर्षावासानंतर एका तरी गटाने ही तयारी सुरू करावी.