नगर-पुणे, एक फुल!

वीकेंडला नगरला घरी आणि सोमवारी पहाटे परत पुण्याच्या ऑफिसला, असं रूटीन असेल तर बॉस, तुम्ही एका ऐतिहासिक रूटवर आहात! महाराष्ट्रातली पहिली एसटी याच रस्त्यावर धावली.

तारीख १ जून १९४८. माळीवाड्यातून सकाळी आठला बेडफर्डची गाडी निघाली. लाकडी बॉडी, तीस सीट, तिकीट अडीच रुपये. स्टिअरिंगवर किसन राऊत, तिकिटं फाडायला लक्ष्मण केवटे.

त्याआधी काय होतं? खासगी मोटारवाल्यांचं राज्य. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने थोडा लगाम घातला, पण गाडी सुटणार कधी, तर भरल्यावर! एसटीने तिथे दोन साध्या गोष्टी आणल्या : ठरलेली वेळ आणि ठरलेलं भाडं. प्रवासी चार असोत की चाळीस, गाडी सुटणार. तोट्यातल्या खेड्यापर्यंतही जाणार.

मग 'लाल डबा' आला, १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडनंतर निमआराम 'एशियाड' आली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली आयडिया मात्र कुणी पेटंट केली नाही! १ जून २०२२ ला पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' धावली, तीही पुणे-नगरच. आता नगर अहिल्यानगर झालंय, तरी बोलताना 'नगर'च तोंडात येतं.

एसटी नसली तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. ज्यांच्याकडे कार होती त्यांचं भागलं. पण फाट्यावर उभ्या कॉलेजच्या पोरीचं काय? तालुक्याला दवाखान्यात निघालेल्या आजीचं काय? त्यांच्यासाठी पुन्हा १९४८ च्या आधीचाच हिशेब : मिळेल ती गाडी, मागतील ते पैसे.

मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. सुपा, रांजणगावच्या एमआयडीसीत रोज अप-डाऊन करणारीच्या बजेटमध्ये हा आकडा खूप मोठा असतो.

आपल्यासाठी कॅब, कार पूल हे ऑप्शन आहेतच. गाडी खडखडते, लेट होते, स्टँडवरचं टॉयलेट विचारू नका! तक्रार जरूर करा, पण गाडीत बसून करा. कारण परवडणारे सगळे उतरले, तर उरलेल्यांचं ऐकणार कोण?

तर येत्या सोमवारी पहाटे स्वस्तिक स्टँड. सुट्टे पैसे ठेवा!