ओहोटीची वाट आणि भरतीची होडी

दिवाळीनंतर नागपूर व विदर्भाच्या अन्य भागांतून शाळांच्या सहली कोकणाकडे निघतात. सातशे-आठशे किलोमीटरचा प्रवास करून मुले अलिबागच्या किनाऱ्यावर उतरतात, तेव्हा समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. सकाळी जेथून बैलगाडी जाऊ शकेल अशी ओली वाळू दिसते, तेथेच दुपारी होडी चालते. अंबाझरी किंवा फुटाळ्याचे पाणी पाहत वाढलेल्या मुलांना हे नवल वाटते. तलावाचे पाणी श्रावणात चढते आणि वैशाखात उतरते. येथे तोच चढउतार एका दिवसात दोनदा होतो. सहल नेणाऱ्या शिक्षकालाही हे वेळापत्रक ठाऊक नसेल तर मात्र नवलाचे रूपांतर संकटात होण्यास वेळ लागत नाही.

कुलाबा हे नाव ऐकून मुंबईचा कुलाबा डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक आहे. परंतु आजच्या रायगड जिल्ह्याचे नावही १९८१ पूर्वी कुलाबा असेच होते, आणि ते या किल्ल्यावरून आलेले होते. किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरवरील खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० च्या सुमारास, या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत ते पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे बनले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर स्वारी केली, ती फसली. आंग्र्यांचे संस्थान वारस नसल्याच्या कारणावरून १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले; नागपूरकर भोसल्यांचे राज्य त्याच न्यायाने १८५४ मध्ये गेले. इतक्या दूरच्या दोन दौलतींचा शेवट असा सारखा झाला, हे नागपूरच्या विद्यार्थ्यांना तेथे उभे राहून सांगण्याजोगे आहे.

किल्ल्याच्या तटाचे मोठमोठे चिरे काही ठिकाणी चुना न वापरता नुसतेच एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते, त्याचा जोर विभागला जातो आणि ते तसेच परतते. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे आणि राघोजी आंग्रे यांच्या काळातील गणेश पंचायतन आहे. चहूकडे खारे पाणी असताना गोडे पाणी मिळत होते म्हणूनच या ठिकाणी शिबंदी राहू शकली.

आता भरती-ओहोटीचे गणित. समुद्राला भरती येते ती प्रामुख्याने चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या आकर्षणामुळे. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र व सूर्य यांचा ओढा एकाच रेषेत येतो आणि एक-दोन दिवसांत मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोहोंचा ओढा एकमेकांस छेद देतो. पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. कोकणात याला भांग म्हणतात. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक साडेतीन मीटरहून अधिक असतो, तर भांगाच्या दिवसांत तो दीड मीटरच्या आसपास राहतो.

कोकणातील जुन्या माणसांनी यासाठी एक सोपा ठोकताळा ठेवला आहे, आणि पंचांग घरोघरी असल्यामुळे तो विदर्भातही उपयोगी पडेल. पक्षातील तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची व रात्रीची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती आणि सुमारे सहा तासांनी, नऊ वाजता, ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी पहाटे आणि सायंकाळी पाचच्या पुढे. हा अंदाज आहे, हे विसरू नये. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील भरती-ओहोटी कोष्टकात मिळतात, आणि त्या दिवशीचा निर्णय स्थानिक कोळी बांधवांना विचारूनच करावा.

या गणितातून सहलींच्या दृष्टीने एक अडचण निघते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते. ही वेळ सर्वांत सोयीची वाटते. पण ते भांगाचे दिवस असल्याने पाणी पुरेसे उतरत नाही. उधाणाच्या ओहोटीपेक्षा ते सुमारे एक मीटर अधिक असते, आणि जेथे कोरडी वाट मिळेल अशी अपेक्षा असते तेथे कमरेएवढे पाणी लागते. उलट पौर्णिमेच्या सुमारास वाट चांगली उघडी पडते, पण सायंकाळी. थंडीच्या दिवसांत परतताना अंधार पडलेला असतो. तृतीया ते पंचमीचा मधला काळ त्यातल्या त्यात सोयीचा म्हणावा लागेल.

पाणी सारख्या गतीने चढत नाही, हे त्याहून महत्त्वाचे आहे. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते फारच थोडे वाढते. त्यामुळे आणखी थोडे थांबावे असे वाटते. परंतु सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत एकूण चढाचा अर्धा भाग पूर्ण होतो. उधाणाच्या दिवशी हा वेग तासाला जवळजवळ तीन फूट पडतो. वाळूतील सखल पन्हळी आधी भरतात, म्हणजे मागची वाट पुढच्या वाटेआधी बुडते. म्हणून ओहोटीच्या क्षणाच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळू लागताच परतावे. किल्ल्यात अडकल्यास पाण्यात उतरण्यापेक्षा होडीची किंवा पुढील ओहोटीची वाट पाहणे बरे. तट कोठे जात नाही.

भरतीच्या वेळी होडीने जावयाचे तर तांडेलाचे गणित वेगळे असते. शिडाची होडी पूर्वी सकाळी जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडे आणि दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परते. मुरूडजवळील राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांत हा अनुभव आजच्या प्रवाशालाही घेता आला आहे. खडकाळ बेटाजवळ जाताना पाणी चढते असावे, उतरते नसावे, हा जुना नियम आहे. चढत्या पाण्यात होडी टेकली तर थोड्या वेळात आपोआप तरंगते. उधाणाच्या ऐन भरतीत टेकली तर तेवढे पाणी पुन्हा येण्यास पंधरवडा लागू शकतो.

नांगराचेही तसेच. तो खडकात टाकला तर अडकतो किंवा घसरतो. वाळू वा चिखल पाहून टाकावा लागतो. दोरी किती सोडावयाची हे समोर दिसणाऱ्या पाण्यावरून ठरत नाही, तर पूर्ण भरतीला तेथे किती पाणी होईल यावरून ठरते. त्या खोलीच्या पाच-सहा पट दोरी हवी. ती आखूड असेल तर पाणी चढताच नांगर उचलला जातो. आणि ओहोटीला होडीखाली किती पाणी उरेल, दोरीच्या टोकाशी ती फिरली तर खडकावर जाणार नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे लागते.

उथळ पाण्याचे हे ज्ञान किती मोलाचे आहे, ते थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर १६७९ मध्ये दिसून आले. मायनाक भंडारी यांनी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाभोवती जहाजे उभी करून रसद तोडण्याचा प्रयत्न केला. मोठ्या जहाजांना वारा नसला की हलता येत नसे आणि खडकांच्या भीतीने फार जवळही जाता येत नसे. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांच्या बळावर रात्रीच्या अंधारात जहाजांमधून निसटून बेटावर सामान पोहोचवीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमधील झुंजीत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांच्या हाती लागले, आणि पुढील वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली.

खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे, कोळी समाजाचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे देऊळ आहे, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. शेजारच्या उंदेरीला मात्र धक्का नाही. तेथे भरतीचे पाणी आणि शांत समुद्र दोन्ही जुळून आले तरच होडी खडकाला लागते. पावसाळ्यात या दोन्ही बेटांकडे होड्या जात नाहीत.