पाच ऑगस्ट नव्हे, आठ मे

आवाजाचं दप्तर : लेखांक ९

माझ्या मामेभावाने १९९२ साली न्यू जर्सीहून येताना एक कॅसेट आणली होती. मॅक्सेलची, ९० मिनिटांची. आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरात गाण्यांची यादी, काही नावांच्या मधे काढलेले बाण आणि कडेला आकडे : ५/८/७७. मी आपल्या हिशेबाने ती तारीख पाच ऑगस्ट धरली आणि कित्येक वर्षं तेच धरून बसलो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. तो आठ मे होता. बाण म्हणजे एक गाणं न थांबता पुढच्या गाण्यात शिरतं याची खूण, हेही मला फार उशिरा कळलं. त्या कॅसेटवर ना कंपनीचं नाव, ना किंमत. याने त्याच्याकडून, त्याने आणखी कुणाकडून उतरवून घेतलेली ती चौथी-पाचवी प्रत असावी. ऐकताना मागे सतत बारीक पाऊस पडतोय असं वाटायचं.

मागच्या लेखात आपण स्टुडिओत सोळा ट्रॅकवर गाणं कसं रचत नेतात ते पाहिलं. आज दुसऱ्या टोकाला जाऊ. कार्यक्रम होऊन गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी त्याची टेप कपाटातून बाहेर येते आणि तिचा अल्बम होतो, तो कसा होतो? उदाहरणाला ग्रेटफुल डेडच घ्यावा लागतो. हा उद्योग इतक्या सातत्याने दुसऱ्या कुठल्या रॉक बँडने केल्याचं मला माहीत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६५ मध्ये हा बँड उभा राहिला. ९ ऑगस्ट १९९५ ला बँडचा गिटारवाला जेरी गार्सिया गेला आणि त्या नावाने वाजणं थांबलं. मधल्या तीस वर्षांत दोन हजार तीनशेच्या वर कार्यक्रम झाले. अमेरिकेच्या पहिल्या दहात पोचलेलं गाणं मात्र एकच, १९८७ चं ‘टच ऑफ ग्रे’. यांची खरी मिळकत रस्त्यावरची. रोजची यादी वेगळी, आणि कालचं गाणं आज तसंच वाजेल याची खात्री नाही. ‘डार्क स्टार’ १९६८ च्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आत आटोपतं. पुढच्याच वर्षीच्या ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर ते तेवीस मिनिटं चालतं. ख्याल ऐकणाऱ्यांना यात नवल वाटू नये. बंदिश दोन-चार ओळींची असते आणि यमनची पन्नास रेकॉर्डिंगं जमवणाऱ्याला आपण वेडा म्हणत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

टेपा राहिल्या त्या सुरुवातीच्या काळात मुख्यतः एका माणसामुळे. ओव्स्ली स्टॅनली, टोपणनाव ‘बेअर’. हा बँडचा साउंडवाला. आजची आवाजाची मांडणी कुठे चुकली हे दुसऱ्या दिवशी कळावं म्हणून तो कार्यक्रम टेप करायचा. स्वतःच्या कामाची रोजनिशी म्हणा. अल्बम काढायचा विचार त्यात नव्हता. शाळेच्या गृहपाठाच्या वह्या पुढे छापाव्यात, तसं काहीसं या टेपांचं झालं.

दुसऱ्या बाजूने श्रोतेही टेप करत होते. बहुतेक बँड अशा लोकांना दारातच अडवायचे. डेडने कानाडोळा केला आणि शेवटी तर २७ ऑक्टोबर १९८४ ला बर्कलीतल्या कार्यक्रमापासून त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखली. अट एकच : विकायचं नाही. कोरी कॅसेट आणि पोस्टाचा खर्च पाठवा, प्रत घ्या. माझ्या मामेभावाची कॅसेट याच रस्त्याने आलेली.

ऐकताना दोन प्रकारच्या टेपा वेगळ्या ओळखता यायला हव्यात. प्रेक्षकांतून माइक उभारून केलेली टेप असते, तिच्यात सभागृह असतं. टाळ्या, शेजारच्याचा खोकला, लांबून येणारा ड्रम. दुसरी मिक्सरमधून थेट घेतलेली, तिला साउंडबोर्ड म्हणतात. ती स्वच्छ, पण खरी असतेच असं नाही. लहान हॉलमध्ये गिटारचा अॅम्प्लिफायर स्वतःच इतका मोठा वाजतो, की साउंडवाला मिक्सरमधून गिटार जवळपास सोडतच नाही. सोडतो तो गायकाचा आवाज. त्या रात्री हॉलमध्ये सगळं बरोबर ऐकू आलेलं असतं आणि टेपवर मात्र गायक कानाशी, गिटार शेजारच्या खोलीत. १९७४ च्या टेपांमध्ये आणखी एक गंमत आहे. त्या वर्षी बँडने ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची स्पीकरची भिंत वादकांच्या पाठीमागे उभी केली होती. सगळी यंत्रणा सुमारे ७५ टनांची. स्पीकर पाठीशी म्हटल्यावर माइक किंचाळणारच. म्हणून गायकापुढे दोन माइक उलट्या जोडणीने बांधले : दोन्हींत सारखा शिरणारा आवाज एकमेकांना खोडतो, आणि गायक ज्या एकात गातो तेवढाच उरतो. कल्पना डोकेबाज, पण गळे बारीक होऊन बसले. त्या वर्षीची टेप मी पहिल्या ओळीला ओळखतो.

१९९१ मध्ये ‘वन फ्रॉम द व्हॉल्ट’ निघाला. १३ ऑगस्ट १९७५ चा सॅन फ्रान्सिस्कोतला कार्यक्रम, मल्टिट्रॅक टेपवरून नीट मिक्स केलेला. तो व्यवस्थित आहे. खरा बदल ऑक्टोबर १९९३ मध्ये झाला, आणि तो डिक लॅटवाला नावाच्या गृहस्थाने घडवला. हा माणूस आधी हवाईतल्या एका प्राणिसंग्रहालयात काम करायचा आणि फावल्या वेळात डेडच्या टेपांची देवाणघेवाण. शेवटी बँडने आपल्या टेपांच्या तिजोरीची किल्लीच त्याच्या हातात दिली. ‘डिक्स पिक्स’ या मालिकेचा पहिला खंड म्हणजे फ्लोरिडातल्या टँपाचा १९ डिसेंबर १९७३ चा कार्यक्रम. साधी दोन ट्रॅकची टेप. नंतर मिक्स बदलायची सोयच नाही, जे आहे ते आहे. खोक्यावर ग्राहकाला सरळ इशारा होता, की आवाजात दोष असतील, टेप जुनी आहे. कुठली रेकॉर्ड कंपनी असं छापते? पण लॅटवालाला गिऱ्हाईक ठाऊक होतं, कारण तो स्वतःच गिऱ्हाईक होता. टेपच्या पावसातून गाणं शोधायची सवय लागलेल्या माणसाला एखादी खरखर काय करणार?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. जतन-अल्बमचा अर्धा कर्ता निवडणारा असतो. १९७२ मध्ये बँडने स्वतः काढलेला ‘युरोप ७२’ पाहा : दौऱ्यातले वेचक तुकडे, त्यातलं कितीतरी गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केलेलं. कलावंत आपला चेहरा पुसूनच बाहेर येतो, त्यात वावगं काही नाही. श्रोता निवडतो तेव्हा त्याला घामासकट चेहरा हवा असतो. लॅटवाला १९९९ च्या ऑगस्टमध्ये गेला, तरी त्याच्या नावाची मालिका २००५ पर्यंत छत्तीस खंड चालली. त्याच्यानंतर काम डेव्हिड लेम्यूकडे आलं आणि २०१२ पासून ‘डेव्ह्ज पिक्स’, वर्षाला चार.

या तिजोरीत सगळं होतं असंही नाही. कीबोर्डवाला कीथ गॉडशॉ याला १९७१ मध्ये गाणी शिकण्यासाठी टेपा दिल्या होत्या. त्या त्याच्या आईवडिलांच्या हाउसबोटीत राहिल्या आणि २००५ मध्ये परत आल्या. त्यातल्या काही ‘डिक्स पिक्स’च्या पस्तिसाव्या खंडात आहेत.

आता आठ मे. बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या ध्वनिमुद्रक. सत्तरच्या दशकात रॉकच्या दौऱ्यावर यंत्रांपाशी बसलेली बाई ही दुर्मीळच गोष्ट. त्या हॉलच्या मिक्सरवर विसंबल्या नाहीत. माइकच्या तारांना फाटे फोडून त्यांनी आपलं वेगळं मिक्स कानाने बसवलं आणि थेट दोन ट्रॅकवर उतरवलं. म्हणून त्यांच्या टेपांत गिटार शेजारच्या खोलीत जात नाही. पुढे बँडशी त्यांचं काम संपलं, दिवस ओढगस्तीचे आले. सामान ठेवलेल्या भाड्याच्या गाळ्याचे पैसे थकले आणि १९८६ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. त्यात शेकडो रीळ. वेगवेगळ्या लोकांनी ती घेतली. काही वर्षानुवर्षं ओलीत पडून होती. काही रीळ मात्र टेपवेड्यांपर्यंत पोचली, त्यांनी ती साफ केली, प्रती काढल्या, आणि ‘बेटी बोर्ड्स’ या नावाने त्या घरोघर गेल्या. माझ्या कॅसेटमधला पाऊस हा तिच्या एवढ्या प्रवासाचा होता. बेटीबाईंच्या टेपेत तो नाही.

जागा : न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. एरवी तिथे तेव्हा बास्केटबॉल चालायचा. रविवार, अमेरिकेतला मातृदिन. आणि मे महिन्यात त्या रात्री तिथे बर्फ पडला. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ‘स्कार्लेट बिगोनियाज’, मग बाण, मग ‘फायर ऑन द माउंटन’. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांच्या वर. ही जोडी त्याच वर्षी १८ मार्चला पहिल्यांदा वाजली होती, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांपूर्वी. ऐकताना नवं कापड अंगावर बसत असल्याची जाणीव होते : पहिलं गाणं कधी संपलं हे बोट ठेवून सांगता येत नाही, बेसचा फेरा बदलल्यावर कळतं की आपण दुसऱ्या गावात आलो.

आणि हे दुसरं गाव थोडं आपलंही आहे. ड्रमवाला मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँचा शिष्य. १९७६ मध्ये त्याने माहीमच्या झाकीर हुसेन यांच्या साथीने ‘दिगा’ हा अल्बम काढला; दिगा ऱ्हिदम बँडचा. त्यात ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ नावाचा तुकडा आहे, गार्सिया त्यावर गिटार वाजवतो. शब्द नसलेला तो तुकडा म्हणजेच ‘फायर ऑन द माउंटन’चं आधीचं रूप. हे मला कळलं तेव्हा कॅसेट आणून वीस वर्षं झाली होती. (हार्ट आणि झाकीर यांची जोडी पुढे ‘प्लॅनेट ड्रम’पर्यंत गेली, त्याला जागतिक संगीताचं पहिलं ग्रॅमी मिळालं. तो विषय स्वतंत्र लेखाचा.)

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने बार्टन हॉलचं हे ध्वनिमुद्रण आपल्या राष्ट्रीय नोंदवहीत २०११ च्या यादीत घातलं. तेव्हा त्याचा अधिकृत अल्बम अस्तित्वातच नव्हता! देशाने ठेवा ठरवलं आणि दुकानात ते मिळत नव्हतं. मूळ रीळ परत आल्यावर, चाळीस वर्षं होताना, मे २०१७ मध्ये अल्बम निघाला.

मधल्या काळात टेपेचं काय केलं, ते जरा जवळून पाहू. टेपयंत्राचा वेग पूर्ण स्थिर कधीच नसतो; चाक किंचित डगमगतं, सूर सूक्ष्म हलतो. पियानोच्या लांब स्वराला ते फार जाणवतं. हे सुधारायचं तर मूळ वेग कळायला हवा. तो टेपेतच दडलेला असतो. ध्वनिमुद्रण करताना यंत्र आवाजाबरोबर कानाला ऐकू न येणारी एक अतिउच्च लहर टेपवर सोडतं, तिला बायस म्हणतात. तिची कंपनसंख्या ठरलेली. प्लँजंट नावाच्या पद्धतीत टेप वाजवताना तो बायसही पकडतात; जिथे तो खालीवर होतो तिथे टेप तेवढी डगमगली, हे कळतं, आणि संगणक गाण्याला तेवढंच उलट सरकवतो. मी २०१७ ची प्रत लावली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते हे, की पियानो लाकडावर ठेवलाय. कॅसेटवर तो पाण्यावर होता.

काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत. सात इंची रीळ नेहमीच्या वेगाने पाऊण तासात संपतं आणि बदलेपर्यंतचं गाणं जातं. मग त्या फटीला प्रेक्षकांतल्या टेपेचं ठिगळ लावतात. हेडफोन घालून ऐकलंत तर एका क्षणी भिंती एकदम मागे सरकतात, लोक ऐकू येतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा दार लागतं. मला ही ठिगळं आवडतात.

व्यापाराविषयीही बोललं पाहिजे. २०११ मध्ये १९७२ च्या युरोप दौऱ्याचे सगळे बावीस कार्यक्रम एका पेटीत आले, ७३ सीडी. २०१५ मध्ये तीस वर्षांचे तीस कार्यक्रम, ८० सीडी. ‘डेव्ह्ज पिक्स’च्या सीडी मोजक्याच काढतात, त्या संपतात आणि नंतर चढ्या भावाने फिरतात. टेप विकायची नाही ही ज्यांची अट होती, त्यांच्या नावावर हे शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. २००५ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरून या टेपांचे डाउनलोड बंद केले तेव्हा चाहते इतके खवळले, की काही दिवसांत माघार घ्यावी लागली. प्रेक्षकांच्या टेपा पुन्हा उतरवून घेता येऊ लागल्या, साउंडबोर्ड फक्त ऐकण्यापुरते राहिले. तेही फुकट. या तिजोरीतल्या अल्बमांच्या जोरावर फेब्रुवारी २०२४ मध्ये बँडचा ५९ वा अल्बम अमेरिकेच्या पहिल्या चाळिसात गेला आणि ५८ वर असलेले एल्विस प्रेस्ली आणि फ्रँक सिनात्रा मागे पडले. हिट एकच असलेला बँड!

वाचक विचारतील, सुरुवात कुठून करू? कॉर्नेलच्या टेपेपासून करू नका. तिच्याविषयी इतकं ऐकून बसाल की कान मोकळा राहणार नाही. ‘सनशाइन डेड्रीम’ घ्या. ऑरेगनमधल्या व्हेनेटाचा कार्यक्रम, एका अडचणीतल्या डेअरीला मदत म्हणून केलेला, तिकिटं दह्याच्या लेबलांवर छापलेली. ऊन इतकं, की गिटारी सुरात राहीनात. ते ऐकूही येतं. तारीख ८/२७/७२ अशी लिहिलेली दिसेल. तिथे तरी गोंधळ व्हायचा नाही, सत्ताविसावा महिना नसतो.