बिनदुखण्याचा रविवार

सावंगीत कुणाकडे पाहुणा उतरला की शेजारपाजारचे आधी विचारतात, "कोन भरती हाय?" 1990 साली इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं आणि वर्ध्याला लागून असलेलं हे गाव आसपासच्या जिल्ह्यांचं उतरायचं ठिकाण झालं. यवतमाळकडून येणाऱ्या एसटीतून माणसं सतरंज्या, पिशव्या, डबे घेऊन उतरायची. सावंगीत ज्याचं म्हणून घर होतं, त्याचा पत्ता नात्यातल्या सगळ्या गावांना पाठ झाला. आमचाही झाला.

मी लग्न होऊन या घरात आले ती त्याच सुमारास. चुलत सासऱ्यांच्या साडूचं ऑपरेशन, नणंदेच्या दिराची किडनी, कुणाच्या सुनेचं पहिलं बाळंतपण. एक जण भरती असायचा आणि तिघे-चौघे आमच्याकडे जेवायचे. त्यातही कापूस घरात यायच्या आधीचं दुखणं फार वाईट. पेरणी-फवारणीत पैसा गेलेला आणि नवा आलेला नसायचा. सासूबाई पहाटेच भाकरी थापायला बसायच्या. त्यांचे हात पुरेनासे झाले की शेजारच्या काकू न सांगता एक डबा आपल्याकडे घ्यायच्या. मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी केरळची सिस्टर ड्युटीवरून आली की तशीच ओसरीवर बसायची आणि डॉक्टर काय म्हणाले ते आपल्या मोडक्या मराठीत पाहुण्यांना समजावून सांगायची. ती बोलली की रडणारी बाई गप्प व्हायची, हे मी पुष्कळदा पाहिलं.

दिवाळीचा मेळा सुरू केला तो सासऱ्यांनी. ते सूत कातणारे, पवनारच्या आश्रमाशी जोडलेले. विनोबांनी औषधपाणी थांबवून 15 नोव्हेंबर 1982 ला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. सासरे तेव्हा पायी पवनारला गेले होते. पुढे त्याच तारखेच्या सुमारास तिथे दरवर्षी मित्रमिलन भरू लागलं. धाम नदीकाठी जुने सोबती जमतात, भेटतात, बोलतात. सासरे तिथून आले की दोन दिवस प्रसन्न असायचे. अशाच एका वर्षी आमच्याकडून निघालेल्या पाहुण्यांना ते म्हणाले, "दुखनं घेऊन येता, तसे एकदा बिनदुखन्याचे बी या न!"

माणसं खरंच आली. भाऊबीजेनंतरचा रविवार ठरून गेला. अंगणात गोवऱ्यांवर रोडगे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी, वरण आणि रोडग्यावर हात सैल सोडून तूप. कारंज्याकडचे संत्री आणायचे, कळंबच्या आत्याबाई घरची मुगाची डाळ. ज्या बाळंतपणाच्या काळजीनं एक आजी आमच्या ओसरीवर रात्रभर जागली होती, तो मुलगा आज पुण्यात नोकरी करतो आणि दिवाळीला येतोच. आल्याबरोबर रोडग्यांच्या आरावर बसतो, उठवलं तरी उठत नाही.

बरीच वर्षं मला वाटायचं, ही माणसं आमच्या घरानं केलेलं आठवून येतात. मग एका पावसाळ्यात माझे यजमानच भरती झाले. कुणाला फारसं कळवलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळंबचे आले, देवळीचे आले. रात्री वॉर्डाबाहेर कोण झोपणार याच्या पाळ्या त्यांनी आपसातच लावल्या. रक्त द्यायला आलेल्यांत काहींना मी ओळखतही नव्हते. एकदा आमच्याकडे जेवलेल्या कुणाचे तरी ते पुतणे-भाचे. काकूंनी मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. सिस्टर तेव्हा कोट्टायमला परतली होती, पण रोज फोन करून रिपोर्ट वाचून दाखवायला लावायची. त्या दिवसांत मी कुणाला एक शब्द बोलू शकले नाही. पण माझा संसार त्या माणसांनी धरून ठेवला, आणि हे मी आता दर दिवाळीला पंगतीत उभी राहून मोठ्यानं सांगते. पोरं लाजतात. लाजू देत. ज्यांना सांगायचं त्यातले काही ऐकायला उरले नाहीत. सासरे नाहीत, सासूबाई नाहीत.

2020 ला लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला होतं. त्या वर्षी पंगत बसली नाही, नुसते फोन झाले. पुढच्या वर्षी जमलो तेव्हा आधी सगळ्यांनी एकमेकांकडे नीट पाहून घेतलं, मग पानं मांडली. त्या रोडग्यांना जी चव होती ती आधी कधीच नव्हती.

आत्याबाईंचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. पण फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली आणि ते येणं सुटण्यापासून वाचलं. आता त्या पणतीला खिडकीशी बसवून येतात. परवा त्यांचा फोन आला, गोवऱ्या आतापासून उन्हात टाक म्हणून, यंदा पाऊस लांबला. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "रोडग्याचं पीठ तू नको भिजवू वं, तुयाकडून सैल होते. मी येतो न."