घरातली तालीम

जळगाव-धुळ्याकडे व्यायाम म्हटला की पूर्वी गल्लीतली तालीम, तिथली तांबडी माती आणि मलखांब डोळ्यांपुढे येत. ती तालीम बहुधा पुरुषांचीच. घरातल्या बाईला तिथे शिरकाव नसे. म्हणूनच दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही एक तालीम असावी, असे आम्ही म्हणतो.

तिला जागा ती किती? सतरंजीपुरती, सहा फूट लांब व तीन फूट रुंद. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यांना याहून अधिक लागत नाही. जोरांसाठी दोन लाकडी ठोकळे घ्यावेत. १० लिटर पाणी भरलेली बादली म्हणजे १० किलोंहून थोडे अधिक वजन. आरंभी ती अर्धीच भरावी आणि कंबरेत न वाकता गुडघे वाकवून उचलावी. मुद्गल मात्र अंगणातच फिरवावे. खानदेशी उन्हाळ्यात वेळ पहाटेचीच बरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. तो स्त्रीलाही तितकाच लागू आहे. साहित्य चार दिवसांत जमेल; परंतु सकाळचा अर्धा तास तिला मोकळा मिळावा, म्हणून तेवढा वेळ चहा-पाणी इतरांनी सांभाळले पाहिजे.