मॅटीवर पहिला टाका घालण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि रुखवतासाठी मॅटीवर भरलेल्या तोरणांची विचारणा येते. एका तोरणामागे कितीतरी दुपारी जातात. पहिल्याच धुण्यात लाल दोऱ्याचा रंग सुटला, तर सगळी मेहनत वाया! म्हणून आम्ही सांगतो, सुरुवातीचा अर्धा तास तपासणीला द्या.

श्रीरामपूरला दोरे घ्यायला जाल, तेव्हा पूर्ण नक्षीला लागतील तेवढ्या लडी एकदम आणा. नंतर तीच छटा मिळेल असं नाही. क्रमांकाची पट्टी जपून ठेवा. गडद दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबा. रंग लागला, तर तो दोरा बाजूला ठेवा. मॅटीही आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे आटायची ती आधीच आटेल.

आता एका इंचात किती घरं बसतात ते पट्टीनं मोजा. ११ बसली, तर ११० फुल्यांची नक्षी १० इंच भरेल. चहूबाजूंनी दोन-दोन इंच कापड जादा सोडा.

लडीच्या दोऱ्याला सहा पदर असतात. अशा मॅटीला तीन पुरतात. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा गुंततो. मागे गाठ न मारता टोक टाक्यांखाली दडवा.

गटात वाटून भरणार असाल, तर फुलीचा वरचा टाका कोणत्या बाजूला झुकवायचा हे आधीच ठरवा. मग चार हातांचं काम एका हातचं दिसेल, आणि दामही नीट मागता येईल.